सलोखा हवा, पण फुकटात!

राष्ट्रीय लोकअदालत भरली की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक बातमी हटकून असते. इतकी प्रकरणे निकाली निघाली, इतक्या कोटींची तडजोड झाली. आणि त्या यादीत पुणे जिल्ह्याचे नाव बहुधा वरच्या क्रमांकावर. कोणाही पुणेकराचा ऊर भरून यावा अशीच ही बातमी! परंतु ती थोडी बारकाईने वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. निकाली निघालेल्या प्रकरणांत बँकांची थकीत कर्जे किती, वीजबिले किती, वाहतूक पोलिसांची चलने किती, न वटलेले धनादेश किती, आणि यातील किती प्रकरणे मुळात न्यायालयात दाखलच झालेली नव्हती, हे तपासून पाहावे. वाहनचालकाने दंडात सवलत मिळते म्हणून थकलेले चलन भरले, याला वादाचे निराकरण म्हणावयाचे असेल तर पालिकेच्या करभरणा केंद्रालाही न्यायमंदिर म्हणावे लागेल.

या आकड्यांच्या गदारोळात नारायण पेठेतला वाड्याचा दावा कोठे आहे?

हा दावा आमच्या पेठेतल्या कोणाही माणसाला सांगावा लागत नाही. आजोबांच्या नावावरचा वाडा, चार भावांत न झालेली वाटणी, त्यातला एक भाऊ अमेरिकेत, एक बहीण हक्कसोडपत्रावर सही करायला तयार नाही, खालच्या दोन खोल्यांत तीन पिढ्यांचा भाडेकरू, आणि दारात करारनामा घेऊन उभा असलेला विकसक. वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात, भाडेकरूचा दावा लघुवाद न्यायालयात. मग प्राथमिक हुकूमनामा, मग मोजणीसाठी कमिशनर, मग अंतिम हुकूमनामा, मग अपील. दरम्यान माडी खचते, पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस लागते, आणि ज्या आईच्या हयातीत निकाल लागावा म्हणून दावा लावला तिचे वर्षश्राद्धही होऊन जाते. असा दावा लोकअदालतीच्या मंचापुढे पाच मिनिटांत मिटत नाही. त्याला एखादा अनुभवी, शांत डोक्याचा, कायदा जाणणारा मध्यस्थ लागतो. सहा बैठका लागतात. प्रत्येक भावाशी वेगळे, दार लावून बोलावे लागते. अमेरिकेतल्या भावाशी रात्री संपर्क साधावा लागतो. लेखापाल आणि मूल्यांकनकार यांना बोलवावे लागते. या सर्वांचे पैसे कोणी द्यावयाचे? या साध्या प्रश्नाला आपल्या राज्यकर्त्यांनी गेली वीस-बावीस वर्षे बगल दिलेली आहे.

वचन न्यायालयाचे, तरतूद इमारतींची

दिवाणी प्रक्रिया संहितेचे सध्याचे कलम ८९ हे १ जुलै २००२ पासून लागू झाले. ज्या दाव्यात तडजोडीची शक्यता दिसते तो दावा न्यायालयाने लवाद, सलोखा, लोकअदालत अथवा मध्यस्थी यांपैकी एका मार्गाकडे पाठवावा, असे हे कलम सांगते. त्याला आव्हान दिले गेले. सेलम येथील वकिलांच्या संघटनेच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २००५ रोजी निकाल दिला. या निकालातील एक भाग वकील मंडळींनाही फारसा आठवत नाही. मध्यस्थीचा खर्च पक्षकाराच्या डोक्यावर बसला तर तो या मार्गाकडे वळण्यास कचरेल, हे न्यायालयाने स्पष्टपणे ओळखले. म्हणून केंद्र शासनाने हा खर्च उचलण्याचा विचार करावा, आणि मान्य असल्यास कलम ८९ खालील मध्यस्थीच्या खर्चासाठी न्यायव्यवस्थेला निश्चित तरतूद देण्याची विनंती नियोजन आयोगाला व वित्त आयोगाला करावी, असा निर्देश दिला. म्हणजे सलोखा ही दानधर्माची बाब नसून सरकारी तिजोरीतून भागवावयाचा न्यायदानाचाच खर्च आहे, या दिशेने देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने २००५ सालीच बोट दाखवले होते.

पुढे काय झाले? तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ या पाच वर्षांसाठी न्यायदान सुधारण्यास ५,००० कोटी रुपये सुचवले. त्यातले ७५० कोटी पर्यायी वाद निवारणाची केंद्रे उभारण्यासाठी आणि मध्यस्थांच्या प्रशिक्षणासाठी होते. सकाळ-संध्याकाळच्या न्यायालयांसाठी २,५०० कोटी, न्यायालयांच्या वारसा इमारतींसाठी ४५० कोटी, अशी ती वाटणी होती. या ५,००० कोटींतला मोठा भाग राज्यांनी वेळेत खर्चच केला नाही, ही शरमेची गोष्ट वेगळीच. चौदाव्या वित्त आयोगाने तर असा राखीव निधी ठेवण्याची पद्धतच सोडली. न्याय विभागाचा ९,७४९ कोटींचा प्रस्ताव त्याने उचलून धरला खरा, परंतु राज्यांना करांतला वाटा वाढवून दिला आहे, त्यातूनच त्यांनी हे करावे, अशी सूचना केली. राज्यांनी वाढीव वाटा घेतला. सूचनेचे काय झाले ते कोणत्याही जिल्हा न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात जाऊन पाहावे.

तेथे खोली असते. दारावर पाटी असते. टेबल, खुर्च्या, भिंतीवर घोषवाक्ये असतात. इमारतीला पैसा एकदाच लागतो आणि तिचे उद्घाटन करता येते. मध्यस्थाला पैसा दर महिन्याला लागतो आणि त्याचे उद्घाटन होत नाही, ही खरी अडचण आहे! चाळीस तासांचे प्रशिक्षण घेतलेला वकील वा निवृत्त न्यायाधीश हे काम करतो ते नाममात्र मानधनावर. नामवंत वकिलाच्या एका तारखेच्या फीपुढे सहा बैठकांचे हे मानधन नगण्य ठरते. परिणामी होते असे की ज्याचा व्यवसाय जोरात चालतो तो या केंद्राकडे फिरकत नाही, ज्याला तळमळ आहे तो दोन-तीन वर्षे पदरमोड करतो आणि थकतो.

आणि गंमत पाहा. २०१८ साली व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची झाली, तेव्हा शासनाला मध्यस्थीचे दर बरोबर ठरवता आले. ३ ते १० लाखांच्या वादास १५ हजार रुपये, आणि ३ कोटींपुढील वादास ७५ हजार रुपये. दोन्ही पक्षांनी निम्मे-निम्मे द्यावयाचे. म्हणजे मध्यस्थाच्या श्रमांना मोल आहे हे शासनाला कळते. व्यापाऱ्यांचा वाद असला की कळते. भावाभावांचा, नवराबायकोचा, घरमालक-भाडेकरूचा असला की विसरते. धनवंतांसाठी तर खाजगी संस्था आहेत, वातानुकूलित दालने आहेत, तासावर दर आहेत. मध्यमवर्गीयाला लोकअदालतीचा मांडव आणि 'घ्या मिटवून' हा उपदेश! वस्तुतः लोकअदालतीला निवाडा करण्याचा अधिकारच नाही, ती केवळ पक्षकारांच्या संमतीने झालेली तडजोड नोंदवू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये पंजाबमधील एका प्रकरणात बजावलेले आहे. तरीही मांडवातली घाई आणि आकड्यांचे दडपण ज्यांनी अनुभवले आहे त्यांना ही संमती कशी घडते हे ठाऊक आहे.

पंचायत फुकट नव्हती

येथे आपल्याच वर्तुळात नेहमी ऐकू येणाऱ्या एका मुद्द्याचा परामर्श घेतला पाहिजे. 'आपल्याकडे पंच परमेश्वर होता, गोतसभा होती. पैशाशिवाय न्याय मिळत होता. इंग्रजांनी कोर्टे आणली आणि समाज भांडकुदळ झाला,' असे आपण अभिमानाने म्हणतो. परंपरेचा अभिमान असावाच. मात्र तिची माहितीही असावी.

मराठेशाहीत वाद गोतापुढे वा पंचायतीपुढे जाई. तिच्यात देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, गावचे बलुतेदार बसत. निवाडा मान्य करू असे वादी-प्रतिवादी लिहून देत, त्या लेखाला 'राजीनामा' म्हणत. (आज हा शब्द मंत्र्यांच्या तोंडी शोभतो, तेव्हा तो पक्षकारांच्या संमतीचा होता.) निवाड्याचा महजर होई. आणि सरकार जिंकणाऱ्याकडून 'हरकी' व हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी' वसूल करी. न्याय हा राजसत्तेचा विषय होता, त्याचा जमाखर्च होता, पंचांना जमवणे आणि निवाडा अमलात आणणे ही सत्तेची जबाबदारी होती. रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आपण आदराने घेतो. तेही पेशवाईच्या सरकारी सेवेतले न्यायाधीश होते, वर्गणीवर चालणाऱ्या एखाद्या मंडळाचे कार्यवाह नव्हेत.

पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने पंचायती चालू ठेवण्याचा प्रयत्न केला. दिरंगाई आणि निवाड्याची अंमलबजावणी हे त्यांतले दोष त्याने १८१९च्या आपल्या अहवालात नोंदवले आहेत. जिच्यामागची राजसत्ता नाहीशी झाली ती पंचायत केवळ सद्भावनेवर उभी राहू शकली नाही, आणि कोर्टांनी तिची जागा घेतली. पंचायत मेली ती पुणेकरांचे चारित्र्य खालावले म्हणून नव्हे.

मग पुण्यानेच आणखी एक प्रयोग केला. १८७०च्या दशकात न्यायमूर्ती रानडे आणि सार्वजनिक काका ऊर्फ गणेश वासुदेव जोशी यांच्या मंडळींनी या शहरात लवाद कोर्ट उभे केले. नागरिकांनी नागरिकांसाठी, सरकारी मदतीवाचून चालवलेले. त्यातील स्वावलंबनाचे तेज आजही डोळे दिपवते. परंतु ते टिकले नाही. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध उसळलेल्या दंग्यानंतर सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. दावा लावण्यापूर्वी सलोखाकारापुढे जाऊन त्याचा दाखला आणण्याची अट त्यात होती. पुढे या कायद्याच्या अंमलबजावणीवर स्वतः रानडे विशेष न्यायाधीश म्हणून देखरेख करीत होते. तरीही दाखला ही केवळ दाव्यापूर्वी ओलांडावयाची एक पायरी होत गेली. आज व्यापारी न्यायालयांच्या दाव्यांत प्रतिवादी मध्यस्थीला फिरकतच नाही आणि 'मध्यस्थी सुरूच झाली नाही' असा कागद घेऊन वादी दावा दाखल करतो. दीडशे वर्षांत कागदाचे नाव तेवढे बदलले आहे!

सेवाभाव आणि शासनाचे कर्तव्य

'पैसा कशाला? सेवाभावी माणसे पुढे यावीत,' असे आमचे काही कार्यकर्ते बंधू म्हणतात. त्यांच्या तळमळीविषयी शंका नाही. शाखेत, वस्तीत, सोसायटीत रोज कोणाचे ना कोणाचे भांडण मिटवणारी ही माणसे आहेत. पण मोफत श्रमांवर वाचनालय चालू शकते, रक्तदान शिबिर चालू शकते. न्याय चालवू नये. मध्यस्थ हा कोणाचाही मिंधा असता कामा नये. ज्याला पगार नाही त्याला जाब विचारता येत नाही, त्याच्याकडून वेळेची हमी घेता येत नाही, आणि त्याने पक्षपात केला तर त्याला दूर करतानाही 'बिचारा फुकट काम करतो' म्हणून कचरावे लागते. शिवाय फुकट पंच म्हणून पुढे सरसावतो तो बहुधा ज्याला गल्लीत वजन हवे असते तो. नगरसेवकाच्या कार्यालयात 'मिटवलेली' भाडेकरूंची प्रकरणे आणि त्यांत कोणाचे काय मिटले, हे पेठेत सर्वांना ठाऊक आहे.

याहून गंभीर गोष्ट जातपंचायतींची. वाळीत टाकणे, दंड उकळणे, बाईला अपमानित करणे हे प्रकार पंचांच्याच नावाखाली चालत आले, म्हणून महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७ पासून अमलात आहे. हिंदू समाज एकरस व्हावा असे मनापासून वाटणाऱ्या प्रत्येकाने या कायद्याचे स्वागतच केले पाहिजे. नियमांनी बांधलेला, प्रशिक्षित, शासनाने वेतन दिलेला आणि न्यायालयाला उत्तरदायी असलेला मध्यस्थ उपलब्ध नसेल, तर ती पोकळी असलीच माणसे भरून काढतात.

शासन पैसा देऊच शकत नाही, असेही नाही. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू केली. गावोगावी समित्या झाल्या, तंटामुक्त ठरलेल्या गावांना लोकसंख्येच्या प्रमाणात लाखांची बक्षिसे मिळाली. कल्पना उत्तम होती, आणि त्या वेळी गृहखाते सांभाळणाऱ्या आर. आर. पाटील यांना तिचे श्रेय द्यावे लागेल, पक्ष कोणताही असो. पण बक्षीस होते ते तंटे मिटल्याच्या आकड्याला. मिटवणाऱ्याच्या कौशल्याला, प्रशिक्षणाला नव्हे. बक्षिसांचा बहर ओसरला तशी मोहीमही ओसरली. आणि ती होती ग्रामपंचायतींसाठी. नारायण पेठेला ग्रामपंचायत नाही, त्यामुळे वाड्यातल्या तंट्याला त्यात जागाच नव्हती.

याउलट उदाहरणही आपल्याच शहरात आहे. पुण्यात कौटुंबिक न्यायालय १९८९ पासून आहे. तेथे विवाह समुपदेशक आहेत, आणि ते शासनाने नेमलेले आहेत. प्रकरणांचा बोजा प्रचंड आहे, समुपदेशक अपुरे आहेत, हे खरे. तरीही पतीशी बोलणी करावयाला घाबरणाऱ्या स्त्रीला तेथे फी न मोजता एक जबाबदार माणूस भेटतो. मुलांचा ताबा आणि भेटीच्या वेळा यांवर बोलणी होतात. हे घडते ते सरकारी तिजोरीतून वेतन जाते म्हणून. जे घटस्फोटाच्या दाव्यात शक्य झाले ते वाटणीच्या दाव्यात का अशक्य असावे?

वकिलांच्या खोलीत एक जुना विनोद आहे: पर्यायी वाद निवारणाच्या 'ए. डी. आर.' या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ 'अलार्मिंग ड्रॉप इन रेव्हेन्यू'! विनोद सोडला तरी वकील मंडळींचा एक आक्षेप विचार करण्याजोगा आहे. न्यायाधीशांची पदे रिकामी असताना मध्यस्थीवर पैसा का, असे ते विचारतात. राज्याच्या जिल्हा व तालुका न्यायालयांत ५० लाखांहून अधिक प्रकरणे तुंबलेली असताना न्यायाधीश हवेतच. सर्व वाद मध्यस्थीने मिटणारेही नसतात. नारायण पेठेतच, केसरीवाड्याच्या धन्याला, ताईमहाराज प्रकरणात १९०१ पासून १९१५ पर्यंत लढावे लागले आणि अखेरचा शब्द लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा ठरला. जेथे लोकमान्यांच्या सचोटीवरच घाला घातला गेला तेथे तडजोड कसली करावयाची? परंतु प्रत्येक वाटणीचा दावा म्हणजे ताईमहाराज प्रकरण नव्हे. तीन भावांना वाडा विकावयाचाच आहे, भांडण आहे ते चौथ्याचा फ्लॅट कितव्या मजल्यावर एवढ्यावरच. अशा दाव्याने न्यायाधीशाचा वेळ खाल्ला की खऱ्या अन्यायाची तारीख पुढे जाते. (जागतिक विक्रमांच्या पुस्तकात सर्वांत दीर्घकाळ चाललेला दावा म्हणून १९६६ साली पुण्यात निकाल लागलेल्या एका मानपानाच्या वादाची नोंद आहे, १२०५ साली सुरू झालेला, म्हणे ७६१ वर्षांचा! खरेखोटे ते पुस्तक जाणे, पण नोंदीत गाव पुणेच असावे हे कोणाला पटणार नाही?)

पैसा आणावयाचा कोठून, याचेही उत्तर फार दूर शोधावे लागत नाही. दिवाणी दाव्यावर पक्षकार कोर्ट फी भरतो. महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा पूर्वी ३ लाख रुपये होती, २०१८ मध्ये ती १० लाखांवर नेली गेली. ही रक्कम न्यायालयाकडे राहत नाही; राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जमा होते आणि रस्ते, पगार, जाहिराती यांत विरून जाते. पक्षकाराने न्यायासाठी भरलेल्या या पैशाचा एक ठराविक हिस्सा मध्यस्थीसाठी राखून ठेवणे, ही काही क्रांती नव्हे. मराठेशाहीची हरकी याहून वेगळी काय होती?

संसदेने २०२३ मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला. त्यातील काही कलमे ९ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. परिसरातील शांतता बिघडवणाऱ्या वादांसाठी तीन मध्यस्थांच्या सामुदायिक मध्यस्थीची सोय या कायद्यात आहे. मात्र तिच्यातील समझोत्याला हुकूमनाम्याचे बळ नाही. मध्यस्थीसाठी निधीचेही कलम आहे. २०२५ मध्ये १ जुलैपासून तीन महिने 'राष्ट्रासाठी मध्यस्थी' ही देशव्यापी मोहीम झाली. राष्ट्राचे नाव घेतले की आपले कान टवकारतात, ते योग्यच. परंतु राष्ट्रासाठी काम करणाऱ्या सैनिकाला आपण वेतन देतो, शिक्षकाला देतो. नव्वद दिवसांची मोहीम संपल्यानंतरच्या एक्याण्णवाव्या दिवशी मध्यस्थाला काय मिळाले, हे विचारण्यात राष्ट्रद्रोह नाही.

मार्चमध्ये विधिमंडळात अर्थसंकल्प मांडला जातो आणि विधी व न्याय विभागाच्या मागण्या चर्चेला येतात; बहुधा चर्चेविनाच संमत होतात. पुण्यातल्या आमदारांपैकी कोणी तरी त्या दिवशी उभे राहून तीन गोष्टी विचाराव्यात. जिल्हा मध्यस्थी केंद्रांतील मध्यस्थांच्या मानधनाचे लेखाशीर्ष कोणते, गतवर्षी त्याखाली तरतूद किती होती, आणि प्रत्यक्ष खर्च किती झाला. हे आमदार नारायण पेठेत, सदाशिव पेठेत गणपतीच्या मांडवांतून हात जोडत फिरतात, तेव्हा दोन्ही बाजूंच्या पडक्या वाड्यांना दाव्याची कुलुपे लागलेली त्यांना दिसतातच.